गिटारच्या डबीतून 40 मीटर

भारतात हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणाऱ्या मंडळींना 40 मीटरचा बँड मिळतो तो 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ, म्हणजे मोजून 200 किलोहर्ट्झ. आणि घरी गाणी रेकॉर्ड करायला लोक माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारे जे ऑडिओ इंटरफेस घेतात, त्यातल्या बऱ्याचशांचा सॅम्पल रेट (सेकंदाला सिग्नल किती वेळा मोजला जातो तो दर) 192 किलोहर्ट्झपर्यंत जातो. हे दोन आकडे शेजारी आले आणि मला काही स्वस्थ बसवेना. रिसीव्हरमधून निघालेले आय आणि क्यू हे दोन सिग्नल (एकाच सिग्नलची 90 अंशांनी सरकलेली दोन रूपं) इंटरफेसच्या डाव्या-उजव्या चॅनलमध्ये सोडले, की जेवढा सॅम्पल रेट तेवढा बँड एका वेळी दिसतो. मध्य 7.100 वर धरला तर 7.004 पासून 7.196 पर्यंत सगळं पडद्यावर. आपल्याकडचा जवळजवळ अख्खा बँड!

इंटरफेस घरातच होता. पुतण्यानं गिटारसाठी घेतलेली दोन इनपुटची लाल डबी. मागितली तेव्हा त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "काका, याच्यात तुम्ही रेडिओ घालून राहिले का?"

ओळखीतल्या एका जुन्या हॅमांनीही वेड्यात काढलं. "यूएसबी डोंगल घ्या न स्वस्तातला, कायले एवढी उठाठेव?" कॉम्प्युटरला खोचायच्या त्या छोट्या रेडिओ-डोंगलवर माझा राग नाही. एका वेळी दोन मेगाहर्ट्झच्या वर दाखवतो, हे काही कमी नाही. पण त्यातला एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, 8 बिटांचा. एका बिटाला साधारण 6 डेसिबल धरले तर मोठ्या आणि बारीक सिग्नलमध्ये 50 डेसिबलच्या आसपासच जागा उरते. नागपुरात आकाशवाणी 585 किलोहर्ट्झवर हाकेच्या अंतरावर असताना, चांगला फिल्टर न लावता शॉर्टवेव्ह ऐकायला बसलात तर त्या डोंगलचं काय होतं ते एकदा बघाच. 24 बिटांचा इंटरफेस कागदावर 144 डेसिबल सांगतो. प्रत्यक्षात आतल्या सर्किटच्या खरखरीमुळे 110 च्या आसपास मिळाले तरी पुष्कळ. शिवाय तो बघतो फक्त 192 किलोहर्ट्झचा तुकडा, बाहेरच्या गोंधळाशी त्याला कमी देणंघेणं.

वाट नवी नाही. अमेरिकेतले हॅम जेराल्ड यंगब्लड यांनी 2002 साली सुरू केलेल्या लेखमालेत साउंड कार्डवर चालणारा रेडिओ मांडला होता. माझा बोर्ड त्याच घराण्यातला: पुढे हवा तेवढाच बँड आत सोडणारा बँडपास फिल्टर, मग 28.4 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, त्याला फ्लिपफ्लॉपनी चारानं भागून 90 अंशांच्या फरकानं दोन 7.1 मेगाहर्ट्झ, आणि त्यांच्या तालावर उघडझाप करणारी एफएसटी 3253 ही स्विचची चिप. बरेचसे भाग बर्डीला (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मोदी नंबरच्या गल्ल्यांत मिळाले, चिप आणि टोरॉइड (फिल्टरची तार गुंडाळायच्या कड्या) ऑनलाइन मागवले. सोल्डरिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं सुरू होतं ते केबलपासून. लॅपटॉपचा माइक जॅक कामाचा नाही, कारण तो बहुतेक वेळा मोनो असतो आणि वर माइकसाठी व्होल्टेजही सोडतो. इंटरफेसच्या पुढच्या कॉम्बो जॅकमध्ये माइकसाठीचं 48 व्होल्टचं फँटम पॉवर जातं ते एक्सएलआर या माइकच्या गोल प्लगच्या पिनांवर. आपण पाव इंची जॅक लावायचा, इन्स्ट्रुमेंटचं बटण बंद ठेवून लाइनवर यायचं, आणि फँटमही बंदच ठेवायचं. पण खरी गोम पुढे आहे. हा पाव इंची इनपुट बॅलन्स्ड असतो, म्हणजे टोक आणि मधलं कडं यांच्यातला फरक तो घेतो. बोर्डावरून आलेली स्टिरिओ केबल तशीच एका जॅकमध्ये खुपसली तर आयमधून क्यू वजा होऊन एकच चॅनल हाती येतं, आणि आय-क्यूची सगळी गंमत तिथेच संपते. लागते ती एका टोकाला 3.5 मिलिमीटरचा स्टिरिओ प्लग आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो प्लग असलेली केबल. दुकानात "मिक्सरची वाय केबल" म्हटलं की लगेच काढून देतात.

मग विंडोज. रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये 192 निवडलं, वॉटरफॉल (पडद्यावर सरकत जाणारं बँडमधल्या सिग्नलचं चित्र) सुरू झाला, पण चित्र फक्त मधल्या पट्ट्यात. दोन्ही बाजू काळ्याकुट्ट, आणि कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. पट्टा मोजला तर 7.076 ते 7.124, म्हणजे बरोब्बर 48 किलोहर्ट्झ. विंडोज मध्येच रेट उतरवून देत होतं आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नव्हता. साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या टॅबवर जाऊन, त्या इनपुटच्या अ‍ॅडव्हान्स्ड खान्यात 2 चॅनल, 24 बिट, 192000 असं स्वतः निवडावं लागतं, आणि तिथलंच आवाज 'सुधारणारं' एन्हान्समेंट बंद करावं लागतं. हे झालं आणि काळ्या बाजू एकदम भरल्या.

त्यानंतर माझी सगळी परीक्षा एकाच ठिकाणी झाली: 7.074. एफटी-8 या डिजिटल मोडची मंडळी तिथे जमतात. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी 2017 मध्ये आणलेला हा मोड. प्रत्येक सिग्नल जेमतेम 50 हर्ट्झ रुंद आणि पाळी 15 सेकंदांची, त्यामुळे वॉटरफॉलवर बारीक पट्ट्यांचा तो झुबका लांबूनही ओळखू येतो. मला तो दिसला 7.126 वर! मध्यापासून 26 किलोहर्ट्झ खाली असायला हवा होता, तो तेवढाच वर. याचा अर्थ आय आणि क्यूची अदलाबदल. प्लग उलटे लावले, झुबका जागेवर आला.

पण 7.126 वर त्याची फिकट सावली राहिलीच. हा सावलीचा प्रकार जरा समजून घेण्यासारखा आहे. दोन चॅनलच्या पातळीत एक टक्का फरक असला तरी सावली मूळ सिग्नलच्या 46 डेसिबलच खाली राहते, आणि 90 अंशांत एका अंशाची चूक असेल तर साधारण 41. इंटरफेसवर दोन चॅनलना गेनची दोन वेगळी बटणं, गिटारवाल्यांच्या सोयीची. ती डोळ्यांनी एक टक्क्याच्या आत जुळवणं माणसाच्या हातचं नाही. म्हणून बटणं अंदाजानं सारखी ठेवायची आणि बाकी सॉफ्टवेअरवर सोपवायचं. त्यात पातळी आणि फेज यांच्या दोन सरकपट्ट्या असतात. सावलीवर नजर ठेवून एक थोडी हलवायची, मग दुसरी, पुन्हा पहिली. सावली हळूहळू खरखरीत बुडते. ज्या क्षणी बुडाली त्या क्षणी गेनच्या दोन्ही बटणांवर मी मास्किंग टेप लावला.

तुलनेसाठी आणलेल्या एका बिननावाच्या यूएसबी कार्डावर मात्र कितीही सरकवलं तरी सावली हटेना. मध्याजवळ ठीक, लांब जावं तशी गडद. हे लक्षण एक चॅनल दुसऱ्याच्या एक सॅम्पल मागे असल्याचं. 192 किलोहर्ट्झच्या कार्डावर अशी एका सॅम्पलची दिरंगाई 26 किलोहर्ट्झ अंतरावर जवळजवळ 49 अंशांची चूक करते. मग ती सावली कसली, जुळा भाऊच. काही सॉफ्टवेअरांत एक सॅम्पल मागेपुढे करायची सोय असते. ती नसेल तर त्या कार्डावर गाणी ऐकावीत.

मध्यावरची गुरगुर वेगळी. 50, 100, 150 हर्ट्झच्या रेघा चार्जर लावला की उठायच्या, बॅटरीवर गेलं की बसायच्या. ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी जोडलेल्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारा आयसोलेटर मध्ये घातला, गुरगुर गेली, पण बँडच्या कडाही गेल्या. त्यातले ट्रान्सफॉर्मर 20 किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजासाठी बनवलेले, आपल्याला हवेत 96. आयसोलेटर काढला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवतो. केबलवर फेराइटचे दोन मणी आहेत, त्यांचा उपयोग किती हे देव जाणे.

सगळ्यात वाईट शत्रू मात्र भिंतीला होता. संध्याकाळ झाली की वॉटरफॉलवर अंगभर जाळी पसरायची, बँडभर, सारख्या अंतरावर. मी इंटरफेसला, बोर्डला, गच्चीवरच्या डायपोल अँटेनाला, सगळ्यांना संशयित केलं. निघाला कूलरचा रेग्युलेटर. बटण फिरवत वेग कमी-जास्त करायचा तो डिमरसारखा रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या सायकलला करंट कापतो आणि तो कापल्याचा आवाज शॉर्टवेव्हवर येतो. कूलर बंद करणं हा उपाय मे महिन्यात नागपूरकरानं नागपूरकराला सुचवू नये. त्याऐवजी एक-दोन-तीन-चार अशा टप्प्यांचा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर लावला. जाळी गेली, हवा आली. सौभाग्यवतींच्या मते अख्ख्या रेडिओ प्रकरणातलं हे एकच काम घराच्या उपयोगाचं.

आता एफटी-8 चे सिग्नल व्हर्च्युअल ऑडिओ केबलनं (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या सोयीनं) ते उलगडणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये जातात आणि कॉलसाइन, म्हणजे हॅमांची ओळखनावं, झरझर उतरत जातात. पीसीचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवावं लागतं, एवढंच. पुतण्याला शनिवार-रविवार डबी परत हवी असते. तो टेप काढतो, मी सोमवारी पुन्हा सावली बुडवतो.

20 मीटरचा बँड 350 किलोहर्ट्झ रुंद, तो काही या डबीत मावत नाही. मध्य 14.100 वर धरला तर 14.004 ते 14.196 येईल, 14.074 चा झुबका त्यात आहे, वरचे बोलणारे सुटतील. त्यासाठी ऑसिलेटर 56.4 मेगाहर्ट्झचा लागेल आणि फिल्टरचे टोरॉइड नव्यानं गुंडाळावे लागतील. ते सध्या टेबलावर अर्धे गुंडाळून पडलेत.