डबा दुसऱ्याच दिवशी परत आला

सकाळी साडेनऊला. अजून माझा चहा व्हायचा होता.

काल संध्याकाळी ४०३ वाल्या जपानी आजींना फराळ देऊन आले, चकल्या, शंकरपाळे आणि बेसनाचे दोन लाडू (तिसरा मावला नाही). आणि आज त्या दारात, डबा दोन्ही हातांत धरून, घासून इतका लख्ख केलेला की आईनेसुद्धा कधी घासला नसेल, आणि वर कागदात बांधलेला एक खोका. "सुमिमासेन, सुमिमासेन" (माफ करा, माफ करा) करत तीनदा वाकल्या, मीपण वाकले, मग त्या गेल्या. संपलं.

आणि मला चक्क रडू यायला लागलं. डब्यावरून!

नक्की काय लागलं तेच कळेना. रिकामा दिला असता तर समजू शकले असते, पण त्यांनी तर दिलंय. मग? घाई. घाई लागली मला. आमच्या आळीत डबा कसा महिना-महिना दुसऱ्याच्या मांडणीवर बसायचा, मग एखाद्या दिवशी त्यातून तिळाच्या वड्या यायच्या, कधी अळूवड्या, आणि काहीच नसलं तर तळाशी चमचाभर साखर. तोवर दोन घरांत काहीतरी देणंघेणं बाकी असायचं आणि त्या बाकीवरच जाणंयेणं चालायचं. इथे एका रात्रीत हिशोब मिटवून टाकला बाईंनी. परत माझ्या दारात यायचं काही कारणच ठेवलं नाही.

ऑफिसात लंचला एका जपानी मैत्रिणीला विचारलं तर म्हणे याला ओकाएशी म्हणतात, भेट आली की परतभेट द्यायचीच. लग्नकार्यात वगैरे साधारण निम्म्या किमतीची, त्याला वेगळा शब्दसुद्धा आहे, हानगाएशी. शेजारच्या खाण्यापिण्याला एवढं काटेकोर नसतं असं ती म्हणाली, पण तोवर माझ्या डोक्यात निम्मं हे घुसलं होतं. मग मी ते केलं. खोक्याची किंमत फोनवर बघितली. (हो, बघितली.) १,६०० येन. म्हणजे माझा फराळ त्यांनी ३,२०० येनचा धरला! त्या चकल्यांना पुण्यात कोणी फुकट हात लावला नसता.

इथे हसू आलं, दिवसभरात पहिल्यांदा.

तसं बघायला गेलं तर इथे तोक्योच्या निशिकासाईत आपल्या लोकांना काय तोटा. २००० च्या आसपास आयटीवाले आले, मेट्रोच्या तोझाई लाइनने ओतेमाची, म्हणजे ऑफिसांचा भाग, जवळ, आणि यूआरच्या (सरकारी गृहसंस्थेच्या) भाड्याच्या घरांना ना जामीनदार लागतो ना रेइकिन, म्हणून रुजलेच. २०१९ ला तर इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. (रेइकिन म्हणजे घरमालकाला आभारादाखल द्यायचे पैसे, ते मात्र परत येत नाहीत. ती एकच भेट बहुतेक ओकाएशीतून सुटलेली.) तर सांगायचं काय, त्याच मजल्यावर ४०७ कडे माझा गेल्या दिवाळीचा डबा अजून पडलाय, आणि त्याचं मला वर्षभरात एकदाही काही वाटलेलं नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, "भरून दिला ना? मग रडतेस काय." तिचा मूळ प्रश्न वेगळाच होता, तो मी टाळला. मार्चमध्ये बघू म्हटलं.

रात्री डबा वर ठेवताना बोट त्या कोरलेल्या अक्षरांवरून फिरलं आणि आठवलं की काल आजींनीही अस्संच बोट फिरवलं होतं. "नामाए?" नाव का, असं विचारलं. मी म्हटलं "हाहा नो नामाए", आईचं नाव. (आईला हाहा म्हणतात हे मला अजून हसल्याशिवाय बोलता येत नाही.) खाली १९८७ आहे, तेही त्यांनी हळूच वाचलं, इंग्रजी आकड्यांत आहे ना. आईची वस्तू, एवढी जुनी, परक्याच्या घरात कशाला रात्र काढायची, असं काही त्यांच्या मनात आलं असेल का? की नुसतीच रीत? मला विचारता येणार नाही, तेवढं जपानी कुठंय माझं.

खोक्यात योकान निघाला. लाल अझुकीच्या दाण्यांची जेलीसारखी वडी. दोन तुकडे खाल्ले, वेलदोडा विसरलेल्या पुरणासारखा लागतो, वाईट नाही. तिसराही खाल्ला.

परतभेटीवर परतभेट देत नाहीत म्हणे. दिली तर समोरचा अवघडतो. बरोबर आहे, अवघडतोच.

पण शनिवारी चिवडा करायचाच आहे, आणि थोडा जास्तच होईल, माझा नेहमी होतो. आईने मसाला भरून पाठवलेला श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा आहे, तो घेईन. त्याच्यावर कुणाचं नाव नाही. परत नाही केला तरी चालेल. म्हणजे, लगेच नको.