भिंतीवरच्या रेघा आणि नाताळ

आज मॉलमध्ये दोन तास तेच 'जिंगल बेल्स' ऐकून डोकं उठलं. घरी आल्यावर भांडी घासता घासता उतारा म्हणून जोनाथन कोल्टन या अमेरिकन गायकाचं 'कायरॉन बीटा प्राइम' हे गाणं लावलं. नाताळनिमित्त नातेवाइकांना लिहिलेलं खुशालीचं पत्र, असा गाण्याचा थाट. पण कुटुंब आहे लघुग्रहावर, यंत्रमानवांच्या खाणीत राबतंय! भिंतीवर मारलेल्या रेघा मोजून त्यांना नाताळ जवळ आल्याचं कळतं. चाल मात्र एकदम गोड, घंटा किणकिणणारी.

हा माणूस आधी सॉफ्टवेअरची नोकरी करायचा. ती सोडून २००५-०६ मध्ये त्याने दर आठवड्याला एक गाणं असं वर्षभर केलं, त्यातलंच हे. आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर मोकळं सोडलं. त्याचं नाव द्या, धंदा करू नका, बाकी वाटा, बदला, खुशाल. (आमच्याकडे लोक साधी चकलीची भाजणी सांगताना एक जिन्नस गाळतात.)

लेकाला अर्थ समजावून सांगितला. तो गप्प. मग हळूच, "बाबा, ते सुटतात का गं... म्हणजे, सुटतात का रे?"

आता आईला विचारायला गेलाय.