ऑक्सिजन वाटायचा कसा?

साथीत उपचारांची वाटणी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे व्हेंटिलेटर येतो. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे हातघाईला आणलं ते ऑक्सिजननं, आणि त्याची वाटणी कुठल्या समितीपेक्षा खाटेशेजारच्या फ्लोमीटरवरच (ऑक्सिजनचा प्रवाह मोजणाऱ्या नळीवर) जास्त झाली.

जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. एनआरबीएम मास्कला (ऑक्सिजन साठवणारी पिशवी असलेल्या मास्कला) मिनिटाला १० लिटर दिले, तर तो पावणेबारा तासांच्या आसपास पुरतो. हायफ्लो, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र, मिनिटाला ६० लिटर आणि शंभर टक्के ऑक्सिजनवर लावलं, तर दोन तासही नाही. म्हणजे एका हायफ्लोत सहा मास्क गेले! तेच यंत्र ६० टक्क्यांवर आणलं की बाकीचं ते हवेतून घेतं आणि ऑक्सिजनचा खप निम्म्यावर, ३० लिटरपर्यंत उतरतो. केंद्र सरकारच्या ऑक्सिजनची गरज मोजायच्या सूत्रात आयसीयूच्या खाटेला मिनिटाला २४ लिटर धरले होते. चार हायफ्लो एकदम सुरू झाले की ते गणित बसत नाही.

म्हणून कुणाचा काढायचा, हे ठरवण्याआधी वाया किती जातो ते बघावं. रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९२ ते ९६ टक्के पुरे. ऑक्सिमीटरवर ९९ दिसले की नातेवाईक खूश होतात, पण ती उधळपट्टी आहे. १-२ लिटर कमी करायचे, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा कमी करायचे. मात्र एनआरबीएमची पिशवी श्वास घेताना चपटी व्हायला नको. १० च्या खाली जायचं तर मास्कच बदला. साधा मास्क ५ च्या खाली नको, सोडलेला कार्बन डायऑक्साइड आतच साचतो. त्याखाली नाकातली नळी. आणि जेवताना मास्क उशाशी ठेवून नॉब चालूच, हे तर दर वॉर्डात.

एवढ्यानंही भागलं नाही तर कुणाला आधी द्यायचं हे ठरवायला रुग्णांचं गुणांकन. त्यासाठीचा सोफा स्कोअर सहा अवयवसंस्था तपासून ० ते २४ गुण देतो. कोविडमध्ये अनेकांची फक्त फुप्फुसंच बिघडलेली असत, त्यामुळे गुण जवळपास सारखेच. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५ च्या व्हेंटिलेटर नियमावलीत ४८ आणि १२० तासांनी फेरतपासणी आहे, बरोबरी झाली तर चिठ्ठ्या आहेत. त्याहून कामाचं कलम वेगळंच: निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरनं घ्यायचा नाही, दुसऱ्यानं घ्यायचा. ‘आधी येईल त्याला खाट’ हा नियमही तिथं नाकारलाय. ते बरोबरच, आधी येतो तो गाडीवाला आणि जवळ राहणारा, जास्त आजारी असलेला नव्हे.