एंटरप्राइजने आता मागे वळणे थांबवावे

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला, म्हणजे २०२६ हे या कथाविश्वाचे साठावे वर्ष आहे. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात विखुरलेल्या आम्हा काही चाहत्यांमध्ये मात्र या वर्षी उत्सवापेक्षा वादच अधिक रंगतो आहे. ‘डिस्कव्हरी’ आणि ‘लोअर डेक्स’ या मालिका २०२४ मध्ये संपल्या. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ पाचव्या सीझननंतर थांबणार आणि तो शेवटचा सीझन अवघ्या सहा भागांचा असणार, हे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. जानेवारी २०२६ मध्ये ‘स्टारफ्लीट अकॅडमी’ सुरू झाली. एक पर्व आवरत आले आहे आणि पुढचे कसे असावे यावर आमच्यात एकमत होत नाही. माझे मत मी आमच्या बैठकीत अनेकदा मांडले आहे, पण बोलताना ते तुटक राहते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, स्टार ट्रेकला धोका बदलाचा नाही, मागे वळून पाहण्याच्या सवयीचा आहे. २००१ मध्ये ‘एंटरप्राइज’ ही मालिका आली, ती मूळ मालिकेतल्या एंटरप्राइज जहाजाचा कप्तान कर्क याच्या काळाच्या शंभर वर्षे आधीची होती. २००९ चा चित्रपट कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्याच तारुण्याचा होता. २०१७ ची ‘डिस्कव्हरी’ कर्कच्या दहा वर्षे आधी सुरू झाली, ‘पिकार्ड’ ही ‘द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेतल्या, निवृत्त झालेल्या जुन्या कप्तानाकडे परतली आणि ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ पुन्हा एंटरप्राइज जहाजावरच, कर्कच्या आधीचा कप्तान पाइक याच्याकडे गेली. अज्ञात प्रदेशाकडे निघालेल्या माणसांची ही गोष्ट; तिने गेल्या पंचवीस वर्षांतला मोठा काळ ओळखीच्याच गल्ल्यांत फिरण्यात घालवला आहे.

यावर आमच्यातले ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, लगेच हरकत घेतात. आप्पा रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ मालिका दाखवली जात असे, तेव्हा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचासमोर बसून त्यांनी ती पाहिली. कर्क, स्पॉक आणि जहाजावरचा डॉक्टर मॅकॉय हे त्यांच्यासाठी घरातले लोक आहेत. त्यांचा युक्तिवाद साधा आहे: लोकांचे प्रेम ज्या माणसांवर बसले आहे, ती माणसे दाखवण्यात गैर काय? ते आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतात आणि ती खरी आहे. मूळ मालिका दुसऱ्या सीझननंतरच बंद होण्याच्या बेतात होती. चाहत्यांनी एनबीसीला पत्रांवर पत्रे पाठवली आणि मार्च १९६८ मध्ये वाहिनीला मालिका चालू राहणार असल्याचे पडद्यावरून जाहीर करावे लागले. तो तिसरा सीझन झाला नसता तर मूळ मालिकेचे ७९ भाग भरले नसते आणि पुनःप्रक्षेपणातून तिला जे दुसरे आयुष्य मिळाले, तेही मिळणे अवघड झाले असते. ज्यांनी मालिका जगवली त्यांच्या मायेला किंमत नाही काय, असे आप्पा विचारतात.

किंमत निश्चितच आहे. परंतु त्याच चाहत्यांचा पुढचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली तेव्हा कर्क आणि स्पॉक नसलेली स्टार ट्रेक कशी असू शकते, असा सूर अनेकांनी लावला होता. १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ आली तेव्हा जहाजाऐवजी एका जागी असलेल्या अंतराळस्थानकावर काय घडणार, ही शंका होती. आज या दोन मालिकांची नावे न घेता कोणतीही चर्चा पुरी होत नाही. लोकांना जे नको वाटले होते तेच पुढे मोलाचे ठरले, कारण त्या मालिकांनी नवी माणसे आणली, नवी जागा आणली आणि त्यांच्यावर माया बसायला वेळ दिला. पिकार्डचा चेहराही एके काळी कोणाच्या ओळखीचा नव्हता, हे मी आप्पांना सांगतो तेव्हा ते मान डोलावतात. मत मात्र बदलत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे भरिताच्या पार्ट्यांचा हंगाम असतो. यंदा यावल तालुक्यातल्या एका मित्राच्या केळीच्या मळ्यात आम्ही जमलो होतो. बामणोदकडची मोठी, पांढरट हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजली जात होती, साल काढलेला गर लाकडी बडगीत ठेचला जात होता, हिरव्या मिरचीचा ठसका सगळ्यांच्या घशात बसला होता आणि अशा वातावरणात धुळ्याच्या प्राध्यापक मित्राने ‘सेक्शन ३१’ या कथाविश्वातल्या गुप्त संघटनेचा विषय काढला. त्यांचे मत असे की स्टार ट्रेकचे जग फार स्वच्छ आहे, खरे जग तसे नाही, म्हणून तिने अंधाराकडे जावे. त्यांची आवडती मालिका ‘डीप स्पेस नाइन’. त्यांनी १९९८ च्या ‘इन द पेल मूनलाइट’ या भागाचे उदाहरण दिले. त्यात अंतराळस्थानकाचा कप्तान सिस्को रोम्युलन या परग्रहवासीयांच्या साम्राज्याला आपल्या बाजूने युद्धात ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो, त्यातून हत्या घडतात आणि शेवटी आपण हे सगळे पचवू शकतो, अशी स्वतःची समजूत घालून तो आपली नोंद पुसून टाकतो. हा भाग मलाही अतिशय प्रिय आहे. सिस्को एकटाच खोलीत बसून, गणवेश सैल करून, सरळ आपल्याकडे पाहत बोलत असतो. एकेक पायरी उतरताना त्याच्या लक्षात येते की परत चढायला जागाच उरलेली नाही.

मात्र मित्राने त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तो भाग अंगावर येतो, कारण सिस्को ज्या आदर्शाविरुद्ध जातो तो आदर्श त्या जगात जिवंत आहे. सेक्शन ३१ या गुप्त संघटनेचेच पाहा. तीही १९९८ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’मध्येच प्रथम आली. तेथे ती एक प्रश्न म्हणून आली होती: फेडरेशन या अनेक ग्रहांच्या संघासारखा सभ्य समाज टिकवायला कोणीतरी पडद्याआड असभ्य कामे करावीत काय? स्थानकावरच्या डॉक्टर बशीरला त्या संघटनेत येण्याचे आमंत्रण मिळते आणि तो नकार देतो. त्या नकारात सगळी गोष्ट होती. जानेवारी २०२५ मध्ये याच नावाचा चित्रपट आला, त्यात मिशेल यो यांच्यासारखी उत्तम अभिनेत्री होती, पण प्रश्न उरला नव्हता. उरली होती ती मारामारी, पाठलाग आणि चटपटीत संवाद. अंधार दाखवण्याला माझा विरोध नाही. ज्याच्या विरुद्ध तो अंधार वाटावा ते काही तरी कथेत शिल्लक ठेवा, एवढीच अपेक्षा आहे. यावर आमचे प्राध्यापक मित्र, एरवी वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारे, तावातावाने म्हणाले, “माले हाई पटत नही,” आणि मग जेवण वाढेपर्यंत तो वाद चालला.

त्याच पंगतीत माझी भाची होती. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूळ मालिका तिने आजवर पाहिलेली नाही आणि तशी तिला घाईही नाही. तिला स्टार ट्रेक भेटली ती ‘प्रॉडिजी’ या ॲनिमेशन मालिकेतून. त्या मालिकेच्या आरंभी टार्स लॅमोरा नावाच्या खाणीत निरनिराळ्या ग्रहांची मुले राबवली जातात; त्यांनी एकत्र येऊ नये म्हणून त्यांच्याजवळ भाषांतरयंत्र ठेवलेले नसते, त्यामुळे शेजारी काम करणाऱ्याचे दुःखही कोणाला कळत नाही. मग एका टाकून दिलेल्या स्टारफ्लीटच्या, म्हणजे फेडरेशनच्या अंतराळदलाच्या, जहाजावर पाय ठेवताच ती एकमेकांना प्रथमच समजू लागतात. भाची मला म्हणाली, “मामा, तुम्ही सगळे फेडरेशनमध्ये जन्मल्यासारखे बोलता. त्या मुलांना ते काय आहे हेच माहीत नसतं, मलाही माहीत नव्हतं. आम्ही ते बरोबरच शिकलो.” साठ वर्षांचे ओझे घेऊन आलेल्या कथेत नव्या प्रेक्षकाने शिरायचे कसे, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. हीच मालिका २०२३ मध्ये तिच्या मूळ स्ट्रीमिंग सेवेवरून काढून टाकण्यात आली आणि दुसरा सीझन जुलै २०२४ मध्ये दुसऱ्याच ठिकाणी आला, याचा मला आजही राग आहे. ज्या दाराने नवी पिढी आत येत होती, नेमके तेच दार मालकांनी लावले.

‘डिस्कव्हरी’बद्दल आमच्यात फार कटुता आहे, तिच्यात मला पडायचे नाही. तिने तिसऱ्या सीझनमध्ये थेट बत्तिसाव्या शतकात उडी घेतली, हे धाडस मला मनापासून आवडले; मी ज्याची मागणी करतो आहे तेच तिने केले. माझी तक्रार वेगळी आहे. जवळजवळ प्रत्येक सीझनमध्ये साऱ्या सृष्टीवर संकट कोसळते आणि दहा ते पंधरा भाग त्याच एका संकटामागे धावण्यात जातात. इतक्या मोठ्या संकटात एखाद्या साध्या कर्मचाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते सांगायला सवडच मिळत नाही. चौथ्या सीझनच्या शेवटी दीर्घिकेबाहेरच्या, कल्पनेपलीकडच्या जीवांशी शस्त्राऐवजी संवादाने मार्ग काढला जातो, तो भाग उत्कृष्ट होता, आणि तेथेही माझ्या मनात आले की एरवीच्या धावपळीत असे क्षण किती सांडले असतील.

म्हणून भविष्याच्या चर्चेत मी काळाइतकाच आग्रह भागांच्या संख्येचा धरतो. ‘द नेक्स्ट जनरेशन’चे सात सीझन आणि १७८ भाग झाले. त्यातले पहिले दोन सीझन कच्चे होते, हे तिचे भक्तही मान्य करतात. तरी त्या कच्च्या काळातच, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग आला. ब्रूस मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला डेटा या यंत्रमानवाचे भाग सुटे करून त्याच्यासारखे अनेक बनवायचे आहेत. डेटा नकार देतो, तर प्रश्न उभा राहतो की त्याला नकार देण्याचा अधिकार तरी आहे काय, की तो स्टारफ्लीटच्या मालकीची वस्तू आहे? सुनावणी होते. डेटाच्या बाजूने पिकार्ड उभा राहतो, आणि विरुद्ध बाजू मांडण्याची सक्ती रायकरवर होते, जो डेटाचा मित्र आहे. रायकर भर न्यायालयात डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग त्याच्या पाठीवरची कळ दाबतो. डेटा टेबलावर कोसळतो, आणि आपली बाजू भक्कम झाली आहे हे कळूनही रायकर मान खाली घालून जागेवर जाऊन बसतो. पुढे पिकार्डची जुनी मैत्रीण गाइनन त्याला शांतपणे विचार करायला लावते की असे हजारो डेटा बनवले, ज्यांच्या इच्छेचा विचार कोणी करायचा नाही, तर त्या व्यवस्थेला काय म्हणायचे, आणि पिकार्डच्या तोंडून गुलामगिरी हा शब्द येतो.

या भागात अंतराळयुद्ध नाही, स्फोट नाही, सृष्टीचा विनाश नाही. एक खोली आहे, काही माणसे आहेत आणि एक प्रश्न आहे. यंत्रांशी बोलणे ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाले आहे, अशा माझ्या भाचीच्या पिढीने हा भाग पाहिला तर तो आजच लिहिला असे त्यांना वाटेल. दहा भागांच्या सीझनमध्ये, एकाच मोठ्या कथेला बांधलेल्या रचनेत, अशा भागाला जागा मिळणे कठीण होते.

कठीण होते, अशक्य नव्हे, हे मान्य करायला हवे. जून २०२३ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा पर अ‍ॅस्पेरा’ हा भाग दिला. जनुकीय बदल केलेल्या वंशात जन्मल्याचे लपवले म्हणून जहाजावरची अधिकारी ऊना चिन-रायली हिच्यावर खटला चालतो आणि तिची बालपणीची दुरावलेली मैत्रीण तिची वकील होते. उत्तम भाग होता. आप्पा, प्राध्यापक आणि मी, तिघांनाही सारखाच आवडला, आणि असे आमच्यात क्वचितच होते. त्या मालिकेतले लेखक, नट, सगळे चांगले आहेत. अडचण फक्त तिच्या जागेची आहे. मूळ मालिकेतही असलेली उहुरा येथे तरुण आहे; ती संकटात सापडली तरी ती वाचणार हे आपल्याला १९६६ पासून ठाऊक आहे. स्पॉकच्या प्रेमप्रकरणाचे काय होणार तेही ठाऊक आहे. कप्तान पाइकचे भवितव्य तर त्याला स्वतःलाच माहीत आहे. एवढी गुणी मंडळी जिथे पुढचे पान कोणी वाचलेले नाही अशा काळात का नेऊ नयेत?

माझी मागणी अशी की, पुढची मालिका पिकार्डच्या काळानंतरची असावी, जहाज नवे असावे, आणि त्यावर कोणाचा नातू, कोणाची बहीण, कोणाचा हरवलेला मुलगा नसावा. सीझनमध्ये किमान वीस भाग असावेत, त्यातले बहुतेक आपापल्या जागी पूर्ण व्हावेत, आणि पाच-सहा फसले तरी चालतील. प्राध्यापक म्हणतात की आजच्या काळात एवढे पैसे कोणी लावणार नाही. मी त्यांना सांगितले आहे की पुढच्या बैठकीला डेटाच्या सुनावणीचा भाग लावू, आणि त्यात खर्च नेमका कशावर झाला असेल ते त्यांनीच मला दाखवावे. आप्पांनी होकार दिला आहे, एका अटीवर: त्यानंतर मूळ मालिकेतला एक भाग लागलाच पाहिजे, आणि तो निवडायचा अधिकार माझ्या भाचीला.