थानप्पा पोस्टमन आणि दाबून ठेवलेलं कार्ड

मालगुडी डेज म्हटलं की सगळ्यांना स्वामी आठवतो नाहीतर ते 'ताना ना ताना ना' टायटल म्युझिक, पण बाकीच्या भागांत दरवेळी नवीन गोष्ट असायची आणि त्यातली 'द मिसिंग मेल' माझ्या मते सगळ्यात भारी. दूरदर्शनची १९८६ ची सिरीयल, शूटिंग कर्नाटकातल्या आगुंब्यात, चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, डायरेक्शन शंकर नागचं (हो तोच, आपल्या '२२ जून १८९७' सिनेमाची पटकथा लिहिणाऱ्यांत होता तो).

तर थानप्पा पोस्टमन. हा पत्र टाकून पुढे जाणाऱ्यातला नाही, दारातच टेकणार, कोणाचं पत्र, काय म्हणतायत सगळं विचारणार, वर सल्ला पण देणार. रामानुजमच्या पोरीचं, कामाक्षीचं लग्न जमत नसतं तर स्थळसुद्धा हाच सुचवतो. जमतं एकदाचं, पण मुलगा ट्रेनिंगला जायचाय त्यामुळे तारीख एकच, हुकली की बसा बोंबलत. आणि नेमकं तेव्हाच सेलमहून कार्ड येतं की रामानुजमचे काका अत्यवस्थ आहेत, पाठोपाठ तार, काका गेले. आता सुतकात कसलं लग्न! थानप्पा दोन्ही दाबून ठेवतो, लग्नघरात आनंदाने वावरतो आणि सगळं पार पडल्यावर कार्ड आणि तार रामानुजमच्या हातात देतो.

आपल्याकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला असायचा, वाचलं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. म्हणजे आत काय आहे ते पोस्टमनला वाटेतच कळायचं, घरच्यांच्या आधी. ते माहीत असून चेहरा सरळ ठेवून दारात उभं राहायचं, हे काय सोपं काम नाहीये.

आणि हा तेव्हा गुन्हाच होता, बरं का. १८९८ चा पोस्टाचा कायदा (आता रद्द झालाय, २०२३ चा नवा आलाय), कलम ५२, पोस्टातल्या माणसाने कुठल्याही हेतूने टपाल लपवलं तर सात वर्षांपर्यंत कैद व्हायची. कुठल्याही हेतूने, म्हणजे चांगल्यासुद्धा. थानप्पाला ते पक्कं ठाऊक असतं, तो स्वतःच म्हणतो की तक्रार करा, माझी नोकरी जाईल. रामानुजम तक्रार करत नाही, पण तुम्ही हे करायला नको होतं एवढं मात्र सुनावतो.

लोकांना हा एपिसोड गोड वाटतो, मला नाही वाटत. काकांना शेवटचं बघायला जायचं की पोरीचं लग्न लावायचं हे रामानुजमने ठरवायचं होतं ना, थानप्पा कोण? मी असतो तर तक्रार नसती केली, पण परत दारात टेकूही दिलं नसतं बहुतेक.