फिनॉल अ‍ॅसिडिक, मग अल्कोहोल का नाही?

बारावीचा अल्कोहोल-फिनॉलचा चॅप्टर आला की नाशिकच्या कॉलेज रोडच्या क्लासेसमधली पोरं एकच वाक्य पाठ करतात, "रेझोनन्समुळे फिनॉल जास्त अ‍ॅसिडिक." मार्क मिळतात. पण रेझोनन्स, म्हणजे इलेक्ट्रॉन एका जागी न राहता पसरणं, तर फिनॉलमध्येही आहे आणि प्रोटॉन गेल्यावर उरणाऱ्या त्याच्या आयनमध्येही, मग फरक पडतो कुठे असं विचारलं की सगळे गप्प, आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

ओएच ग्रुप फिनॉल आणि इथेनॉल (साधं अल्कोहोल) दोघांकडे आहे, आणि जो त्यातला प्रोटॉन सहज सोडतो तो जास्त अ‍ॅसिडिक. इथेनॉलने प्रोटॉन सोडला की सगळा निगेटिव्ह चार्ज एकट्या ऑक्सिजनच्या गळ्यात, वरून इथाइल ग्रुप आणखी इलेक्ट्रॉन ढकलणार. फिनॉलचं तसं नाही, तिथे चार्ज बेंझीनच्या रिंगमध्ये ऑर्थो (ओएचच्या शेजारच्या) आणि पॅरा (समोरच्या) जागांवर पसरतो. साध्या फिनॉलच्या रेझोनन्समध्ये प्लस आणि मायनस वेगळे करावे लागतात आणि ते महागात पडतं, आयनमध्ये मात्र आधीच असलेला मायनस नुसता वाटून घ्यायचा असतो, म्हणून आयनला जास्त फायदा. इथेनॉलचा पीकेए (जितका कमी तितकं अ‍ॅसिड स्ट्राँग) १६ च्या आसपास, फिनॉलचा १०. फरक ६ चा दिसतो पण स्केल लॉगची आहे, म्हणजे दहा लाख पट!

हे लॅबमध्ये बघायला मला फार आवडतं. फिनॉलचे खडे, हवेने जरा गुलाबी पडलेले, थोड्या पाण्यात टाकले की दुधासारखं गढूळ होतं. कॉस्टिक सोड्याचे थेंब टाका, एकदम स्वच्छ. आता त्यात नळीने कार्बन डायऑक्साइड सोडा, परत गढूळ, कारण कार्बोनिक अ‍ॅसिड फिनॉलपेक्षा स्ट्राँग, ते फिनॉलला कॉस्टिक सोड्याबरोबर बनलेल्या मिठातून (सोडियम फिनॉक्साइड) बाहेर काढतं. म्हणूनच फिनॉल खायच्या सोड्याबरोबर फसफसत नाही. (खड्यांना हात लावू नका हं, कातडी पांढरी पडून भाजते आणि आधी बधिर होते म्हणून कळतही नाही.)

रिंगवर नायट्रो ग्रुप आला की गणित बदलतं. पॅराला असेल तर पीकेए ७.१५, मेटाला (ओएचपासून एक जागा सोडून) असेल तर ८.४ च्या जवळ, कारण मेटावरून तो चार्ज रेझोनन्सने स्वतःकडे ओढून घेऊ शकत नाही. तीन नायट्रो बसले की पिक्रिक अ‍ॅसिड, ०.४ च्या आसपास, ते खायच्या सोड्याशी मस्त फसफसतं.

लॅब नसेल तरी नाशिककरांचं अडत नाही. काळ्या द्राक्षाची सालं चुरडून लालसर पाणी काढा आणि चिमूटभर खायचा सोडा टाका, पाणी निळसर-हिरवट होतं. सालातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचे ओएच रिंगवर असतात, त्यांचे प्रोटॉन सोडा काढून घेतो आणि रंग पलटतो. त्याच पाण्यातल्या साखरेलाही ढीगभर ओएच आहेत पण ते अल्कोहोलचे, त्यांना सोडा हातही लावत नाही. लगेच लिंबू पिळलं तर लाल रंग परत येतो, पोरांना करून दाखवा.