तिकिटात धरलेलं असतं

दुपारी जेवून आडवा पडलो होतो तर यूट्यूबनं कुठून तरी १९५४ चं अमेरिकन कार्टून समोर आणलं, बाय वर्ड ऑफ माऊस. जर्मनीतून आलेला पाहुणा उंदीर तिथली दुकानं बघून चाट पडतो आणि एक प्रोफेसर उंदीर त्याला मास प्रॉडक्शन समजावतो, मागे सिल्व्हेस्टर बोका लागलाय तरी लेक्चर चालूच! पैसे दिले होते स्लोन फाउंडेशननं, म्हणजे जनरल मोटर्सवाल्या स्लोनसाहेबांच्या. अर्थशास्त्राला बोका लागतो हे त्यांना कळलं, आमच्या सरांना शेवटपर्यंत नाही.

आपल्याकडे हे खातं सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनकडे होतं. पिक्चरच्या आधी डॉक्युमेंटरी, आणि तेवढ्या वेळात निम्मं पब्लिक बाहेर वेफर्सच्या लाइनीत. बाबा मात्र आम्हाला विजय टॉकीजला सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसवणार. "तिकिटात धरलेलं असतं, सोडायचं कशाला?" मग अल्पबचत म्हणा, धरण म्हणा, काहीही असो, तो जड सरकारी आवाज सुरू झाला की दाणे खाणं बंद, कागद वाजतो म्हणून. पुडी मुठीत धरून बसायचं, दाणे खारट आणि कागद घामानं ओला. गंमत म्हणजे ती रिळं दाखवायची थिएटरवर सक्ती, वर भाडंही थिएटरवाल्यानंच भरायचं. हे बाबांना माहीत असतं तर बिचाऱ्याचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून आणखी मन लावून बघितली असती.

असो. बोक्यानंतर लगेच दुसरी लागली, १९४९ ची व्हाय प्ले लीप फ्रॉग. बाहुल्यांच्या कारखान्यातला ज्यो वैतागलाय, पगार वाढला की बाहुलीचीही किंमत वाढते, दोघांच्या बेडूकउड्या काही संपत नाहीत. उपाय काय तर चांगली मशिनं आणा, तासाला जास्त माल काढा, सगळे खूश. दहाएक मिनिटांत महागाई खल्लास.

बाबांच्या भोसरीच्या कंपनीतही चांगली मशिनं आली होती. माल खरंच जास्त निघायला लागला, दिवाळीला पेढ्यांचा मोठा बॉक्स आला, आणि मग व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, फॉर्म आले. ज्योच्या पिक्चरमध्ये फॉर्मचा सीनच नाहीये.

बाबांना दाखवीन म्हणतो, फुकट आहे म्हटल्यावर शेवटपर्यंत बघतील. पण मग प्रश्न विचारत बसतील, राहू दे.